पाजलेल्या स्तनाची लाज कुणाला?

या संपादकीयाचा विषय वाचून काही मैत्रिणी दचकतील, काही हसतीलही. मूल अंगावर पाजून झाल्यानंतर लांब किंवा जाड झालेली स्तनाग्रे शस्त्रक्रिया करून लहान करून घेणे, हा तो विषय. "अवघड बाळंतपणासाठी जिथून चंद्रपूर नाहीतर आदिलाबाद गाठावे लागते, त्या कोरपना तालुक्यात हे शहरातले खूळ कशाला?" असे आमच्याच बैठकीत विचारले गेले. प्रश्न रास्त होता. पण हे खूळ आता शहरात राहिलेले नाही. हातातल्या फोनमधून ते कापसाच्या शेतापर्यंत पोहोचले आहे. आणि त्याच्याशी जोडलेली लाज तर आपल्याकडे आधीपासूनच होती.

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या एका मैत्रिणीचा अनुभव इथे मांडते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. गडचांदूरच्या बाजूला सिमेंट कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या वस्तीत ती राहते. नवरा कंत्राटी कामगार. मुलाला तिने दोन वर्षे पाजले. दूध तोडल्यावर नवरा तिच्या अंगाची तुलना फोनवरच्या चित्रांशी करू लागला. आधी थट्टेने, मग अंथरुणावर पाठ फिरवून. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याशी त्यानेच बोलणे केले. छोटेसे ऑपरेशन आहे, तासाभराचे काम, त्याच दिवशी घरी, एवढेच सांगण्यात आले. तिला अजून एक मूल हवे आहे का, हे कुणीही विचारले नाही. पैशासाठी बचत गटातून कर्ज काढायचे ठरले आणि त्यामुळेच गोष्ट आमच्यापर्यंत आली. तिचा प्रश्न अगदी साधा होता. "ताई, माझं काही बिघडलं आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी या शस्त्रक्रियेत काय होते ते समजून घेऊ. गरोदरपणात संप्रेरकांमुळे स्तन वाढतात, स्तनाग्रे आणि त्यांच्याभोवतीचा काळसर भाग मोठा आणि गडद होतो. बाळाला तोंडात धरता यावे म्हणूनच हा बदल असतो. पाजणे थांबल्यावर काही महिन्यांत तो बराचसा ओसरतो. काहींच्या बाबतीत स्तनाग्रे पहिल्यापेक्षा लांब किंवा जाड राहतात. शस्त्रक्रियेत ती जागा बधिर करून जास्तीचा भाग कमी करतात. एका पद्धतीत स्तनाग्राच्या बुडाशी कातडीचा गोल पट्टा काढून उरलेला भाग खाली बसवतात. यात दूध वाहून आणणाऱ्या नळ्या वाचवण्याचा प्रयत्न असतो. दुसऱ्या पद्धतींमध्ये स्तनाग्राचा टोकाचा किंवा मधला भागच कापला जातो, आणि त्यात नळ्या तुटू शकतात. जखम पिकणे, व्रण राहणे, दोन्ही बाजू सारख्या न होणे, स्पर्शाची जाणीव कमी होणे किंवा जाणे, क्वचित रक्तपुरवठा तुटून टोकाचा भाग मरणे, हे धोके आहेत. पुढच्या मुलाला पाजताना अडचण येऊ शकते, हा त्यातला मोठा धोका.

या नळ्या किती असतात? जुन्या पाठ्यपुस्तकांत एका स्तनात पंधरा ते वीस असा आकडा असे. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पाजणाऱ्या आयांची सोनोग्राफी केली, तेव्हा त्यांना सरासरी नऊच मुख्य नळ्या आढळल्या. नळ्या जितक्या कमी, तितकी प्रत्येक नळी मोलाची. म्हणूनच जबाबदार शल्यविशारद या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या बाईला आधी विचारतात की आणखी मूल हवे आहे का, आणि पाजणे थांबून काही महिने होऊ देतात. आमच्या मैत्रिणीला हे कुणीच विचारले नव्हते.

आता तिच्या प्रश्नाचे उत्तर. नाही, तिचे काही बिघडलेले नाही. स्तनाग्र अमुक एका मापाचे असले म्हणजे निरोगी, असे कोणतेही वैद्यकीय माप नाही. कुणाचे चपटे, कुणाचे आत वळलेले, कुणाचे लांब, एकाच बाईचे दोन्ही बाजूंचे वेगळे, हे सारे स्वाभाविक आहे. आपल्या भागात स्तनाग्राला बोंड म्हणतात, कापसाच्या बोंडालाही तोच शब्द. वेचणीला गेलेल्या बाईला कुणी सांगावे लागत नाही की झाडावरची सगळी बोंडे सारखी नसतात.

पाजल्यामुळे स्तन ओघळतात, ही समजूतही तपासून पाहायला हवी. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातील प्लॅस्टिक सर्जन ब्रायन रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी आलेल्या स्त्रियांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. वय, वजन, गरोदरपणांची संख्या, धूम्रपान यांचा ओघळण्याशी संबंध त्यांना दिसला. पाजण्याचा दिसला नाही. म्हणजे घरोघरी ज्या गोष्टीला दोष दिला जातो, तिचा दोष तिथे सापडत नाही. तरीही "पाजून पाजून असे झाले" हे वाक्य बाईच्या माथी मारले जाते, आणि या भीतीने एखादी तरुण आई बाळाला लवकर बाटली लावते.

मग बाईने ही शस्त्रक्रिया करू नये, असे आपण म्हणायचे का? इथे चळवळीपुढे खरा पेच आहे. माझ्या शरीरावर माझा हक्क, हे आपणच म्हणत आलो. गर्भपाताच्या बाबतीत म्हणालो, संततिनियमनाच्या बाबतीत म्हणालो. एखादी सज्ञान बाई, सगळे समजून, स्वतःसाठी, ही शस्त्रक्रिया करून घेते म्हणाली, तर तिला अडवणारे आपण कोण? शिवाय तिची कारणे नेहमीच दिखाऊ नसतात. लांब स्तनाग्र कपड्याला घासून सोलवटते, दुखते. उन्हात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला तो त्रास रोजचा असू शकतो. त्याला चोचले म्हणून हिणवणे ही आपलीही क्रूरताच होईल. दुखते म्हटले की "सहन कर", हेच तर बाईला पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले.

पण "तिची मर्जी" असे म्हणून आपण मोकळ्याही होऊ शकत नाही. मर्जी कुठल्या हवेत वाढते, तेही पाहावे लागते. नवऱ्याची पाठ फिरलेली, सवत येण्याची भीती मनात, हातात पैसा नाही, आणि फोनवर दिवसरात्र एकाच साच्यातली शरीरे, अशा वेळी तोंडून निघालेला होकार हा तिचाच होकार म्हणायचा का? १९९४ साली भारताला एकाच वर्षी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी मिळाली, १९९६ मध्ये बंगळूरच्या जगत्सुंदरी स्पर्धेविरुद्ध स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. बाजार बाईच्या शरीराचे माप ठरवतो आहे, असे आपण तेव्हा म्हणत होतो. तेव्हा निदान मापे कंबरेची आणि उंचीची होती. आज कपड्याआडच्या बोंडापर्यंत पट्टी येऊन पोहोचली आहे.

या सगळ्यातला ढोंगीपणा नीट पाहा. आईच्या दुधाचे गोडवे गाण्यात आपला समाज मागे नाही. दरवर्षी १ ते ७ ऑगस्टला स्तनपान सप्ताह होतो, भिंतींवर फलक लागतात. सहा महिने फक्त अंगावरचे दूध आणि पुढे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक वरच्या अन्नासोबत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अंगणवाडीच्या बाईला पाठ असतो. बाटली आणि डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी आली, २००३ च्या दुरुस्तीने ती आणखी कडक झाली. हे सारे चांगलेच आहे. पण पाजणाऱ्या बाईला वेळ कोण देतो? २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक ठरले. कापूस वेचणाऱ्या, तेंदूपाने तोडणाऱ्या, गिट्टी उचलणाऱ्या बाईला यातले काय मिळते? तिचे बाळ बांधावरच्या झोळीत असते. दुधाने थाने दाटतात, पदर ओला होतो, आणि वेचणीचे वजन कमी भरले तर पैसे कापले जातात. बाईने पाजावे हा आग्रह सगळ्यांचा. पाजण्याची किंमत मात्र तिच्या एकटीची. आणि एवढे करून झाल्यावर तेच स्तन तिच्या नवऱ्याला नकोसे होतात, बाजाराला दुरुस्तीयोग्य वाटतात. आमच्या मैत्रिणीला तर ती दुरुस्तीही कर्ज काढून करायची होती. हिशेब कुणाच्या अंगावर पडला, ते सांगायला नको.

ही लाज फोनने आणलेली नाही, हेही मान्य करू. जंगलपट्टीत पूर्वीच्या बाया पोलके घालत नसत, त्यामुळे त्यांना शरीराची लाज नव्हती, असे एक गोड चित्र शहरातले लोक रंगवतात. ते अर्धेच खरे आहे. गडचिरोलीच्या माडिया समाजात लग्न झालेल्या बाईने पोलके घालायचे नाही, अशी रूढी होती, आणि तिच्याविरुद्ध त्याच समाजातल्या शिकलेल्या मुली बोलू लागल्या. झाक म्हणणारे आणि उघडे ठेव म्हणणारे, दोघेही बाईला न विचारताच ठरवतात. प्रश्न कापडाचा नसून ठरवण्याच्या अधिकाराचा आहे.

लाज बाईला किती महाग पडते, हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्याने जगाला दाखवले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तो अभ्यास गर्भाशय आणि योनिमार्गाच्या रोगांचा होता, पण त्यामागची चुप्पी स्तनांच्या बाबतीतही तीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, कर्करोगासाठी स्तनांची तपासणी कधीतरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया देशात शंभरात एकही भरत नाहीत. म्हणजे नवऱ्याला आवडत नाही म्हणून स्तन दाखवायला दूरच्या शहरात जाण्याची तयारी होते, आणि गाठ लागते म्हणून जवळच्या दवाखान्यात दाखवायला मात्र जीव लाजतो.

म्हणून इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. दोन्ही स्तनाग्रे पाजल्यामुळे लांबली असतील तर तो आजार नाही. पण एकाच बाजूचे स्तनाग्र अलीकडे अचानक बदलले, आत ओढले गेले, त्यातून रक्त किंवा पाणी येऊ लागले, त्यावरची कातडी खाजून सोलवटू लागली आणि मलमाने बरी होईना, किंवा स्तनात, काखेत गाठ हाताला लागली, तर ते सौंदर्याचे काम नाही. तिथे कर्करोगाची तपासणी आधी झाली पाहिजे. खाजणाऱ्या, सोलवटलेल्या स्तनाग्रामागे पॅजेटचा रोग नावाचा कर्करोग असू शकतो. आणि पाजताना चिरा पडतात, तेव्हा बाळाने फक्त टोक धरले आहे की भोवतीचा काळा भागही तोंडात घेतला आहे, हे कुणी शेजारी बसून पाहिले तर बहुतेक वेळा दुखणे थांबते. बाळंतपणानंतर आशाताई घरी सहा-सात वेळा येतात. ही पद्धत गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेच्या घरोघरी नवजात बाळसेवेच्या प्रयोगातूनच देशभर गेली. त्या भेटीत बाळाचे वजन होते. त्याच भेटीत आईने पदर बाजूला करून "इथे दुखते" असे म्हणावे, एवढा मोकळेपणा आपण तिला द्यायला हवा.

आता संमतीचा मुद्दा. १९८५ मध्ये आंध्रातल्या पटनचेरू इथे नेट-एन या संततिनियमनाच्या सुईचा प्रयोग गरीब बायांवर होत होता. धोके त्यांना सांगितले गेले नव्हते. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने ते उघड केले आणि १९८६ मध्ये इतर संघटनांसह सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, आणि सज्ञान बाईच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमती चालत नाही. मग नवऱ्याची कशी चालेल? तरीही २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात काय दिसले? नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत, ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. मुकादमाचा खाडा, कर्करोगाची भीती, अपुरी माहिती, यांतून आलेला होकार तिथेही कागदावर होताच. स्तनाग्राची शस्त्रक्रिया गर्भाशय काढण्याएवढी गंभीर नाही, हे खरे. पण दुसऱ्याच्या सोयीसाठी बाईचे निरोगी शरीर कापायचे आणि सही मात्र तिची घ्यायची, ही रीत तीच आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्तनांच्या सौंदर्यशस्त्रक्रिया गरीब स्त्रियांना मोफत देण्याची सोय सुरू केली. श्रीमंत बाईला जे मिळते ते गरीब बाईला का नको, हा त्यामागचा विचार. तो सहज झटकून टाकता येत नाही. अतिशय जड स्तनांमुळे मान, पाठ, खांदे दुखणाऱ्या कष्टकरी बाईला अशा शस्त्रक्रियेने खरोखर आराम मिळतो, आणि ती सरकारी दवाखान्यात मिळायलाच हवी. पण निरोगी स्तनाला कमीपणा वाटावा इतका तो समाजाने हिणवायचा, आणि मग सरकारने फुकट कापून द्यायचा, हा समतेचा मार्ग आम्हाला वाटत नाही.

जाहिरातींबद्दलही थोडे. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आपल्याकडे आहे. ज्या गोष्टींसाठी औषधाची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत स्त्रीच्या वक्षाचा आकार आणि ठेवण ही नोंद स्पष्टपणे आहे. बसस्थानकाच्या भिंतीवरची आणि फोनवरची मलमांची, तेलांची जाहिरात या कायद्यात बसते. गटांनी तिचे छायाचित्र काढून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. शस्त्रक्रियेबद्दल हा कायदा थेट बोलत नाही. मात्र रुग्ण ओढण्यासाठी डॉक्टरांनी जाहिरात करू नये, असे वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात.

आता आपल्या कामाकडे वळू. बचत गटाकडे अशा शस्त्रक्रियेसाठी कुणी कर्ज मागितले तर तिची चेष्टा होऊ नये, की गुपचूप कागदही पुढे जाऊ नये. एकीने तिच्यासोबत एकटीने बसावे, नवऱ्याला आणि सासूला बाहेर ठेवून. दुखते का, हे विचारावे. दुखत असेल तर आधी सरकारी दवाखान्यात तपासणी. आणखी मूल हवे का, हे विचारावे. डॉक्टरला विचारायचे प्रश्न तिला लिहून द्यावेत: तुम्ही प्लॅस्टिक सर्जन आहात का, दुधाच्या नळ्या कापल्या जातील का, स्पर्शाची जाणीव जाईल का, काढलेला भाग तपासणीला पाठवणार का, काही बिघडले तर खर्च कुणाचा. उत्तरे तिला समजतील अशा भाषेत हवीत, मराठीत, गोंडीत, कोलामीत किंवा तेलुगूत. एवढे झाल्यावर ती "करायचेच" म्हणाली तर तिच्यासोबत दवाखान्यात जायलाही आपल्यापैकी कुणीतरी असावे. आणि "नाही" म्हणाली, तर घरी तिला त्या नाहीची किंमत मोजावी लागू नये, यासाठी आपण तिच्या दारात दिसत राहायला हवे. त्या नवऱ्याशी बोलायचे काम गावातल्या पुरुषांनीही उचलले पाहिजे. सगळे समजावणे बायांनीच बायांना किती दिवस करायचे?

आमच्या मैत्रिणीने सध्या कर्जाचा अर्ज मागे घेतला आहे. नवऱ्याचे तोंड अजून वळलेलेच आहे. तिचा निर्णय पुढे बदलेलही, तो तिचा असेल. पण तिचा प्रश्न ऐकून बैठकीतल्या दुसऱ्या एकीने, पन्नाशीच्या बाईने, वर्षभर कुणालाच न सांगितलेली काखेतली गाठ सांगितली. तिची तपासणी चंद्रपूरला सुरू झाली आहे.

येत्या ऑगस्टच्या स्तनपान सप्ताहात प्रत्येक गटाने एक बैठक केवळ या विषयावर घ्यावी, अशी विनंती आहे. दुधाचे फायदे इतर सगळे सांगतील. आपण पाजणाऱ्या बाईच्या अंगाबद्दल, तिच्या दुखण्याबद्दल आणि तिला मिळालेल्या टोमण्यांबद्दल बोलू. बैठकीत काय बोलले गेले ते नावे न घालता आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.